नूतनीकृत संगीतसंच आणि हिंगोलीचा उन्हाळा

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत दिवाळीच्या खरेदीत, लग्नाच्या आंदणात किंवा आखाती मुलखांतून परतलेल्या आप्तांच्या सामानात जे आटोपशीर स्टिरिओ संच मराठवाड्यातील घरांत आले, आणि पुढे मोबाइलच्या आगमनानंतर कापडात गुंडाळून माळ्यावर गेले, त्यांपैकी काही आता उघडून, दुरुस्त करून, नूतनीकृत म्हणून पुन्हा विक्रीस येतात. मधल्या एका पेटीत रेडिओ, कॅसेट, सीडी आणि ध्वनिवर्धक, आणि तिच्या दोन बाजूंस दोन खोक्यांतले स्पीकर, असा हा सुटसुटीत सरंजाम असतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव किंवा वसमतच्या एखाद्या गृहस्थाने असा जिन्नस घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारभावाचा वाटला, तरी माझ्या मते तो मूलतः रसायनशास्त्राचा आहे. कारण यंत्र जुने होते तेव्हा ते सर्वांगाने सारखेच जुने होत नाही.

संचातील ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तिच्यावर अतिरिक्त भार पडला नाही तर ती दोन पिढ्यांनाही पुरावी. स्पीकरच्या पाठीवरील फेराइटचे चुंबक आपले चुंबकत्व मानवी आयुष्याच्या हिशेबात जवळजवळ गमावीतच नाही. ट्रान्झिस्टर आणि आयसी हे सिलिकॉनचे तुकडे असून, अतिउष्णता व विजेचा धक्का या दोन शत्रूंपासून त्यांचा बचाव झाला, तर तेही दीर्घायुषी असतात. नाश होतो तो ज्या भागांत द्रव आहे, रबर आहे, फोम आहे किंवा घर्षण आहे त्यांचा. नूतनीकरणाचा खरा अर्थ हे मोजके नाशवंत भाग ओळखून बदलणे एवढाच आहे, आणि दर्शनी पॅनेल चकचकीत करून आतील द्रव्ये जुनीच ठेवणाऱ्या विक्रेत्याने दुरुस्तीची किंमत वसूल करणे न्यायाचे नव्हे.

या नाशवंतांत अग्रस्थान विद्युत्-अपघटनी कपॅसिटरचे, ज्याला आपल्याकडील जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये विद्युतवाहक द्रवात भिजविलेला कागद यांची घट्ट वळकटी करून ती एका लहानशा डबीत बंद केलेली असते. हा द्रव वर्षानुवर्षे डबीच्या रबरी बुडातून सूक्ष्म प्रमाणात उडून जातो, आणि त्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा येथे बराचसा लागू पडतो. डबीवर १०५ अंश सेल्सिअस असे छापलेले असेल आणि त्या तापमानास तिचे आयुष्य २००० तासांचे असेल, तर संचाच्या पोटात ६५ अंश असताना ते ३२००० तासांवर जाते. रोज चार तास संगीत ऐकणाऱ्यास ही सुमारे २२ वर्षांची मुदत झाली. परंतु पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत हवाच १० अंशांनी अधिक तापलेली असेल आणि त्यामुळे पेटीचे पोट ७५ अंशांवर गेले, तर हीच मुदत ११ वर्षांवर येते. मे महिन्यात ज्या जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, तेथे जपान किंवा युरोपातील अनुभवावर आधारलेली आयुर्मर्यादा जशीच्या तशी धरून चालत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी, कंडेन्सर बदलले आहेत काय, एवढेच विचारून न थांबता, ते ८५ अंशांचे घातले की १०५ अंशांचे, याची खातरजमा करावी. दोहोंच्या किमतीतील फरक क्षुल्लक असतो.

वाळलेल्या कपॅसिटरची कैफियत कानालाही कळते. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकदिश करताना १०० हर्ट्झचे तरंग उरतात, आणि ते सपाट करण्याचे काम मोठ्या कपॅसिटरांचे. ते दुबळे झाले की आवाज पूर्ण कमी केला असतानाही स्पीकरमधून एक मंद, अखंड गुणगुण ऐकू येते. शिवाय अनेक वर्षे बंद राहिलेल्या संचात ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा विद्युतरोधक थर क्षीण झालेला असतो, त्यामुळे त्यास एकदम पूर्ण दाबाची वीज देणे धोक्याचे. येथे आपल्या कारागिरांचा एक जुना शिरस्ता उपयोगी पडतो. सिरीज बोर्डावर साध्या तारेच्या बल्बमधून संचास वीज द्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर मामला ठीक, तो प्रखरपणे पेटतच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. इतक्या अल्प खर्चात इतके निश्चित निदान करणारी युक्ती मला अत्यंत आदरणीय वाटते. विकत घेणाऱ्याने ही चाचणी आपल्यासमोर करून मागावी.

स्पीकरच्या शंकूभोवतालची मऊ कड पुष्कळदा पॉलियुरेथेन फोमची असते. हवेतील बाष्पाने या फोमच्या रेणुशृंखला हळूहळू तुटतात, आणि पंधरा-वीस वर्षांत ती बोटाच्या स्पर्शाने भुगा होऊन गळू लागते. ही कड नवी चिकटविता येते, आणि ती रबरी असेल तर बहुधा तशी गरजही पडत नाही. शंकू चारही बाजूंनी समान दाब देऊन अलगद आत ढकलावा. आतील कॉइल घासल्याचा आवाज आला, तर तो स्पीकर नाकारावा. कॅसेटच्या यंत्रातील रबरी पट्टा सैल होतो, काही जातींचा तर डांबरासारखा चिकट लगदा होतो. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. पट्टा घसरून हा वेग सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी एकवर उतरते. राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेला आणि पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेला नामदेवांचा अभंग ज्यांच्या कानांत मुरला आहे, अशा श्रोत्यांची नामदेवांच्या नर्सीच्या या जिल्ह्यात वाण नाही, आणि त्यांना वेगातील दोष उपकरणाविनाही उमगेल. इतरांनी हार्मोनियम जवळ घेऊन स्वर ताडून पाहावा.

सीडीच्या भागाकडे मात्र मी अधिक विस्ताराने वळतो, कारण त्यात हिंगोली जिल्ह्याशी एक विलक्षण नाते दडलेले आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या तबकडीवर केंद्रापासून कडेकडे उलगडणारी एकच मळसूत्री वाट असते. पूर्ण भरलेल्या तबकडीवरील ही वाट सरळ केली तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. तिच्यावर सूक्ष्म उंचवटे असतात, आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांस जवळजवळ अदृश्य असा अवरक्त लेसर त्यांच्यावर रोखलेला असतो. उंचवट्याची उंची प्लास्टिकमधील तरंगलांबीच्या सुमारे एक चतुर्थांश राखलेली असल्याने, त्यावरून परतलेला प्रकाश आणि भोवतालच्या सपाटीवरून परतलेला प्रकाश यांच्या मार्गांत अर्ध्या तरंगाचा फरक पडतो, आणि दोहोंचे तरंग एकमेकांस छेदून प्रकाश मंदावतो. यालाच प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी जी लायगो-इंडिया वेधशाळा उभारावयाची आहे, आणि जिच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिचे मूलतत्त्वही हेच. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन बाहूंतून अवरक्त लेसर परत आणून, त्यांच्या व्यतिकरणावरून प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी पटींनी सूक्ष्म असे अंतरातील बदल तेथे टिपले जातील. अमेरिकेत हॅनफोर्ड येथे बसवावयाच्या तिसऱ्या यंत्रासाठी बनलेले सुटे भाग या वेधशाळेस देण्याचे ठरले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

नाते येथेच संपत नाही. ॲलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली ज्या स्टिरिओ पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिचा आधार मनुष्याचे दोन कान हा होता. एका बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानाशी फार तर सेकंदाच्या सुमारे ०.०००७ भागाने उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या अवधीवरून व ध्वनीच्या तीव्रतेतील फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम सापडली तेव्हा लुइझियानातील लिव्हिंग्स्टन व हॅनफोर्ड या दोन केंद्रांतील नोंदींत सुमारे सात मिलिसेकंदांचा फरक होता, आणि त्याच फरकावरून आकाशातील तिचा उगम अंदाजावा लागला. दोनच केंद्रे असली तर उगमस्थान आकाशातील एका विस्तीर्ण पट्ट्यात कोठेतरी आहे एवढेच कळते. दूरवरच्या आणखी केंद्रांची, आणि म्हणून दुधाळ्याची, निकड आहे ती ही दिशा नेमकी करण्यासाठी.

२०१५ च्या त्या लहरीची वारंवारता ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती, म्हणजे तिचे रूपांतर ध्वनीत केले तर तो श्राव्य कक्षेत पडतो. आटोपशीर संचाचा चार इंची स्पीकर तिचा शेवट स्पष्टपणे ऐकवील, आरंभ मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. वारंवारता निम्मी झाली असता आवाज तेवढाच राखावयाचा, तर शंकूची हालचाल चौपट व्हावी लागते, आणि लहान शंकूस ते शक्य नसते. विक्रेता गंभीर खर्जाची कितीही ग्वाही देवो, भौतिकीचा हा नियम खोक्यावरील वॅटच्या आकड्याने बदलत नाही. त्यापेक्षा दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, खोक्यांची उंची कानाच्या पातळीस आणावी, आणि शहाबादी फरशीवरून परावर्तित होणारा कर्कशपणा शोषून घेण्यासाठी मध्ये एखादी वाकळ अंथरावी. या तीन गोष्टींना खर्च नाही, आणि त्यांनी होणारी सुधारणा मला महागड्या तारांनी कधी झालेली आढळली नाही.

खरेदीच्या वेळी संचाच्या पाठीमागचा मजकूर अवश्य वाचावा. जपानच्या बाजारपेठेसाठी बनलेला संच १०० व्होल्टचा आणि अमेरिकेसाठीचा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावल्यास ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज जळालाच म्हणून समजावे. दाब निवडण्याचा खटका पाठीवर असेल, तर तो योग्य स्थानी आहे की नाही हे वीज लावण्यापूर्वीच पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात असलेल्या ई-कचरा नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांस नोंदणीचे बंधन आहे. परंतु सूक्ष्म उद्योग त्यांतून वगळलेले असल्यामुळे गल्लीतील कुशल मेकॅनिककडून घेताना त्या नोंदणीचा दाखला मिळेल अशी अपेक्षा धरू नये. त्याऐवजी बदललेल्या भागांचा तपशील आणि हमीची मुदत कागदावर लिहून घ्यावी. सीडीचा लेसर हा भाग झिजणारा आहे. त्याचे नमुने ठरावीक असल्याने बदली मिळण्याजोगा आहे काय, हे त्याच वेळी विचारून ठेवावे.

घरी आणल्यावर पेटीच्या वरील जाळीवर कापड किंवा वर्तमानपत्र टाकू नये, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, आणि वळीव गडगडू लागताच प्लग काढावा. हळद पॉलिश होण्याच्या हंगामात तिची पिवळी पूड दारा-खिडक्यांतून आत येते. लेसरच्या भिंगावर ती बसल्यास कोरड्या, मऊ ब्रशाने झटकावी, बोटाने पुसू नये. कपॅसिटर, पट्टा आणि फोम ज्या दिवशी बदलले ती तारीख झाकणाच्या आतील बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावी, म्हणजे पुढे जो कोणी ते झाकण उघडील त्याला काम कोठून सुरू करावयाचे हे कळेल.