पेठेचा संघ : महाराष्ट्रातील फुटबॉलनिष्ठेची एक पाहणी

महाराष्ट्राचे प्रांतविभाग पिकांवरून, बोलींवरून आणि जमाबंदीच्या पद्धतींवरून अनेकांनी पाडून दाखविले आहेत. परंतु फुटबॉलच्या सामन्यास गेलेला प्रेक्षक कोणाच्या बाजूने घसा कोरडा करतो, आणि त्याच बाजूने का करतो, या प्रश्नावरून हा मुलूख कसा विभागला जातो, हे तपासण्याचे कष्ट आमच्या क्रीडासमीक्षकांनी फारसे घेतलेले नाहीत. कोल्हापुरात ही निष्ठा पेठेशी बांधलेली आहे. मुंबईत ती कचेरीशी आणि गिरणीशी बांधलेली होती. कामठीस ती वस्तीशी आणि गोमंतकात गावाशी जडलेली आहे. पुण्यात मात्र लाखोंची वस्ती, उत्तम मैदाने आणि मुबलक द्रव्य असूनही ती फुटबॉलशी कधी जडलीच नाही. या भेदाची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे, आणि तीत कोल्हापुरास झुकते माप मिळाल्यास ते बुद्धिपुरस्सर दिलेले आहे असे वाचकांनी समजावे.

या विषयावर अधिकारवाणीने बोलणाऱ्या काही मंडळींचा एक आवडता सिद्धान्त आहे. तो असा की, इंग्रजी पलटणी जेथे राहिल्या तेथे फुटबॉल रुजला, आणि फुटबॉल रुजला तेथे चाहते निपजले. सबब छावण्यांची फेरिस्त काढली की चाहत्यांचा नकाशा आपोआप तयार होतो. खेळ आला कोठून, एवढ्यापुरते हे खरे आहे. निष्ठा आली कोठून, याचे उत्तर मात्र त्यात नाही. पुण्याचे लष्कर, खडकी आणि देहूरोड येथे फौजेचे तळ पिढ्यान्‌पिढ्या होते. खडकीस बाँबे सॅपर्सचे ठाणे आजही आहे, आणि त्या बाजूच्या वस्त्यांतून उत्तम खेळाडू निर्माण झाले. पण सामन्याच्या दिवशी पुणे शहराने दुकाने आवरून मैदानाकडे धाव घेतली असे कधी कोणी पाहिले नाही. उलट कोल्हापूर हे संस्थान; पुण्याएवढे गोरे सैन्य तेथे कधीच नव्हते; तरीही 1 मार्च 1949 रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा आपला दरबार गमावलेल्या त्या नगरीजवळ कुस्ती आणि फुटबॉल ही दोन संस्थाने शाबूत होती. खेळ पलटणीबरोबर येतो, परंतु निष्ठेला बारमाही घर लागते, आणि असे घर ज्या प्रांताने खेळाला दिले त्याच प्रांतात चाहता टिकला, हे माझे म्हणणे मी आजवर अनेक व्यासपीठांवरून मांडीत आलो आहे.

मुंबईचा वृत्तान्त थोडक्यात आटोपतो. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे आणि कूपरेजच्या मैदानाचे वर्णन इतक्यांनी इतक्या वेळा केले आहे की, त्यात भर घालण्याजोगे काही उरलेले नाही. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने तो चषक जिंकला आणि प्रथमच एका भारतीय संघाच्या हाती तो आला, तेव्हाच्या आनंदाला राष्ट्रीय अस्मितेची धार होती. पुढे मात्र मुंबईचे संघ टाटा, महिंद्र, ऑर्के मिल्स, एअर इंडिया अशा नावांचे झाले, आणि प्रेक्षक त्या त्या आस्थापनेचा नोकरदार किंवा निव्वळ खेळाचा रसिक राहिला. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 साली तो संघ बंद झाला. आपले काही गेले, असे म्हणून त्यासाठी रस्त्यावर येणारा एकही मोहल्ला मुंबईत नव्हता, कारण तो संघ कोणत्याही मोहल्ल्याचा नव्हताच.

विदर्भात कामठीची छावणी जुनी, आणि तेथील रब्बानी क्लबवर वस्तीचे जे प्रेम आहे ते कोल्हापूरच्या जातीचे आहे. गोमंतकात खाणमालकांनी संघ पोसले, पण साष्टीतल्या गावागावांत वाड्यांचे आणि गावांचे आपसांतले सामने त्याआधीपासून रंगत होते. म्हणूनच 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब एकाच वेळी राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तरी गोव्यातील फुटबॉल मेला नाही, तो गावी परतला. कोलकात्याविषयी मराठी वाचकास सांगावयास नको. 1889 चे मोहन बागान आणि 1920 चे ईस्ट बंगाल यांच्या मागे पश्चिमेकडचे मूळ रहिवासी आणि पूर्वेकडून आलेले निर्वासित उभे राहिले, आणि कोळंबी की हिलसा, इथपर्यंत तो भेद स्वयंपाकघरात शिरला. भूगोलाने निष्ठा घडविल्याचे भारतातील ते सर्वांत मोठे उदाहरण होय.

महाविद्यालयांचा विचार येथे करणे प्राप्त आहे, कारण अमेरिकेत ही प्रांतनिष्ठा विद्यापीठांच्या आश्रयाने वाढली. तेथला फुटबॉल हा हातांनी खेळावयाचा वेगळाच प्रकार आहे, पण त्याच्या चाहत्यांचे वर्तन आम्हां कोल्हापूरकरांना परके वाटत नाही. ज्या राज्यांत मोठे धंदेवाईक संघ नाहीत, उदाहरणार्थ अलाबामा किंवा नेब्रास्का, तेथे महाविद्यालयाची पायरीही न चढलेला शेतकरी विद्यापीठाच्या संघासाठी जीव टाकतो. नेब्रास्काच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची तिकिटे 1962 पासून संपूर्ण खपत आली आहेत. त्याच 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. राजाराम महाविद्यालय तर 1880 पासूनचे. आंतरमहाविद्यालयीन सामने तेव्हाही होत आणि आताही होतात. परंतु आमच्याकडे महाविद्यालयाला स्वतःचा चाहता कधी लाभला नाही. राजारामकडून खेळणारा मुलगा शिवाजी पेठेचा असेल तर शिवाजी पेठ त्याला पाहावयास जाई. तो मंगळवार पेठेचा असेल तर त्याच महाविद्यालयाच्या त्याच सामन्याला शिवाजी पेठ फिरकत नसे.

पुण्यात महाविद्यालयीन निष्ठा नाही, असे मात्र कोणी समजू नये. ती आहे, आणि कमालीची प्रखर आहे. फक्त तिचे मैदान भरत नाट्य मंदिर हे आहे. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ज्याने त्या सभागृहात ऐकली आहे, त्याला पुणेकर तरुणांच्या कंठात बळ नाही असे म्हणता येणार नाही. फर्ग्युसन, स. प. आणि बीएमसीसी यांच्या मुलांनी एकांकिकांसाठी जी ईर्ष्या दाखविली तिचा चतुर्थांश जरी फुटबॉलच्या वाट्याला आला असता, तरी या लेखाचा पुढील भाग निराळा झाला असता.

आता कोल्हापूर. या नगरीच्या फुटबॉलचे आद्य रहस्य हे की, तेथील संघ हे क्लब नाहीत, त्या तालमी आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम मंडळ, अशी नावे एकामागून एक घेतली की, शाहू महाराजांच्या काळातला लाल मातीचा वास त्यांना येतो. ज्या राजाने 1912 साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले, त्याच्या प्रजेने तालीम ही केवळ जोर-बैठका काढण्याची जागा कधीच मानली नाही. तालमीत गणपती बसतो, तालमीत भांडणे मिटतात, पेठेतल्या मयतीला तालमीची पोरे खांदा देतात, पुराचे पाणी आले की तालमीची पोरे होड्या घेऊन निघतात, आणि त्याच तालमीचा संघ थंडी पडताच शाहू स्टेडियमवर उतरतो. वर्षभर ज्या घराशी माणसाचा संबंध आहे, त्या घराची ती मुले असतात. त्यांना हरताना पाहणे म्हणजे आपल्याच ओसरीचा अपमान पाहणे होय, ही भावना कोणत्याही जाहिरातीने निर्माण होत नसते.

रावणेश्वराच्या जुन्या तलावाच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या स्टेडियमात कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची, म्हणजे आमच्या तोंडच्या ‘केएसए’ची, लीग सुरू झाली की शहराची फाळणी होते. एका अंगास शिवाजी पेठ: शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ. दुसऱ्या अंगास मंगळवार पेठ: पाटाकडील, म्हणजे ‘पीटीएम’, बालगोपाल आणि प्रॅक्टिस क्लब. रविवार पेठेचे दिलबहार स्वतंत्र बाण्याचे. आणि पश्चिमेकडून फुलेवाडी आले, तेव्हा पेठांच्या मक्तेदारीला उपनगराने प्रथमच हिसका दिला. एकाच पेठेतले दोन संघ समोरासमोर आले की गल्लीगल्लीची सीमा जागी होते. पण त्यांपैकी एकाची गाठ पलीकडच्या पेठेशी पडली की कालचे वैरी एका कट्ट्यावर बसतात. ही वहिवाट कोठे लिहिलेली नाही, आणि ती मोडलेली मी पाहिलेली नाही.

माझा जन्म शिवाजी पेठेतला, आणि थोरली बहीण मंगळवार पेठेत दिलेली. शिवाजी विरुद्ध पाटाकडील असा सामना असला की त्या आठवड्यात अक्का माहेरी येत नसे. आई तिची वाट पाही, आणि वडील म्हणत, ‘‘तिला येऊ नका म्हणावं, जावईबापूंना अवघड होईल.’’ भाचा पोटात असताना आमच्या घरी तो कोणत्या बाजूचा होणार याची गंभीरपणे चर्चा झाली होती, आणि तो बापाच्या पेठेचा झाला हे आम्ही न्यायाचेच मानले. उद्यमनगरातले कारागीर सामन्याच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागत आणि कारखानदार ती देत, कारण त्यांनाही जावयाचे असे. हलगी, घुमके आणि कैताळ यांचा कडकडाट, सावलीच्या अंगाला बसलेली वडीलधारी मंडळी, उन्हाच्या अंगाला पोरांची झुंबड, आणि खेळाडूचे नाव न घेता त्याच्या घराण्याचे नाव घेऊन दिलेली शाबासकी किंवा शिवी, हे सारे ज्याने पाहिले त्याला चाहता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

कोल्हापूरच्या चाहत्यास केवळ दंगेखोर ठरविणारा एक वर्ग आहे. हाणामाऱ्या झाल्या आहेत, लाठ्या चालल्या आहेत, स्पर्धा अर्ध्यावर थांबल्या आहेत. हे लपविण्यात अर्थ नाही, आणि त्याचे समर्थन करणारा मी नव्हे. परंतु याच प्रेक्षकाने तिकीट काढून, कोणत्याही सरकारी अनुदानाची वाट न पाहता, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जगविला, हे सांगण्याची वेळ आली की हे टीकाकार मौन धरतात. विश्वचषकाच्या दिवसांत याच शहराच्या चौकांत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांच्या प्रचंड प्रतिमा उभ्या राहतात, पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना यांत वाटल्या जातात. बाकीचा महाराष्ट्र ते वर्तमानपत्रात वाचतो. दक्षिणेकडे गडहिंग्लजने एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर दिवाळीतले सामने चालवून हीच आस्था तालुक्याच्या गावी जिवंत ठेवली आहे.

माझी चिंता दंग्यांची नाही; ती निराळी आहे. गेल्या काही वर्षांत पेठांच्या संघांनी बाहेरगावचे, एवढेच नव्हे तर आफ्रिकेतले खेळाडू मोल देऊन आणावयास आरंभ केला. खेळाचा दर्जा त्याने वाढला असेल. पण ज्या मुलाला लहानपणी बोळात चेंडू मारताना पाहिले त्याच्यासाठी ओरडणे निराळे, आणि मोसमापुरत्या आलेल्या पाहुण्यासाठी ओरडणे निराळे. पेठेच्या मुलाला राखीव बाकावर बसवून मिळविलेला चषक तालमीच्या कपाटात ठेवता येतो. पुढच्या पिढीच्या मनात तो राहत नाही. निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला, अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ते बाहेरून आणलेले नव्हते.

अनिकेतचे पुढचे शिक्षण ज्या परिसरात झाले त्या बालेवाडीपासून मी आज राहतो ते मुळशी तालुक्यातले माण फार लांब नाही. कारखान्यांच्या ओढीने कोल्हापूर, सातारा, लातूर, सोलापूर येथून जी माणसे पिंपरी, आकुर्डी आणि चाकणला आली, त्यांच्या लोंढ्यात मीही आलो आणि येथेच स्थिरावलो. बालेवाडीच्या त्या भव्य क्रीडानगरीने अवघ्या एका तपात चार संघ पाहिले. 2007 चा पुणे एफसी, जो 2012-13 साली आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 साली संपला. भारत एफसी, ज्याचे आयुष्य एका मोसमाचे. डीएसके शिवाजीयन्स, ज्याने 2017 साली गाशा गुंडाळला. आणि 2014 चा एफसी पुणे सिटी, जो 2019 साली विसर्जित झाला. चारांपैकी एकाही संघाजवळ पैशाचा, प्रशिक्षकांचा किंवा गवताचा तुटवडा नव्हता, आणि पुणे एफसीच्या स्टँडमध्ये तळमळीने गाणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. पण संघ मिटला त्या दिवशी त्या मुलांना एकत्र बसावयास एक ओटा नव्हता. प्रसिद्धी कमी पडली, असे निदान करणारे तज्ज्ञ मला भेटले आहेत. त्यांनी एकदा शनिवारी दुपारी कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीला उभे राहून पाहावे.

आणि या औद्योगिक पट्ट्याला निष्ठाच ठाऊक नाही, हे तर धादांत असत्य आहे. खेड, मावळ आणि मुळशी या तालुक्यांत बैलगाड्यांच्या घाटावर गावेच्या गावे लोटतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना परवानगी मिळाली, आणि या सात वर्षांत कोणत्या गावाचा कोणता बैल, हे कोणीही विसरले नव्हते. भोसरीची कबड्डी आणि कुस्ती सर्वांना ठाऊक आहे. जमिनी आयटी पार्काकडे गेल्या, शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तरी जत्रेच्या आखाड्यात माणचा गडी उतरला की माणचा माणूस उठून उभा राहतो. निष्ठेचा पाया येथे घातलेला आहे. त्यावर फुटबॉल कोणी उभा केला नाही, एवढेच.

माण आणि म्हाळुंगे या गावांची नगररचना आता नव्याने आखली जात आहे, आणि मेट्रोचा मार्ग माणपासून बालेवाडीवरून शिवाजीनगरला नेलेला आहे. या आराखड्यात क्रीडांगणासाठी जी जागा सुटेल ती कोणा कंत्राटदाराच्या अकादमीस तासावर भाड्याने न देता गावच्या तालमीच्या आणि तरुण मंडळांच्या ताब्यात द्यावी, आणि माण, हिंजवडी, मारुंजी, म्हाळुंगे, सूस अशा गावांची एक लीग, प्रत्येक संघात गावच्या रहिवाशांनाच घेण्याच्या अटीवर, सुरू करावी, अशी दरखास्त मी ग्रामस्थांपुढे ठेवली आहे. रहिवासी म्हणजे सातबारावर नाव असलेलाच नव्हे. लातूरहून आलेल्या फिटरचा येथे शाळेत जाणारा मुलगाही त्यात धरावा, एवढ्या एका कलमावर अजून वाद चालू आहे, आणि मी त्या कलमाच्या बाजूने आहे.