नव्वद टक्के झालंय, सर!

एमबीएच्या आणि इंजिनिअरिंगच्या माहितीपत्रकांत हल्ली दोन नावं जोडीनं झळकतात: सिस्टिम्स थिंकिंग आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट. ही जोडी माहितीपत्रकापुरतीच. वर्गात शिरलं की दोघांच्या चुली वेगळ्या. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सर गँट चार्ट, सीपीएम, पर्ट ही वेळापत्रकाची तंत्रं उरकत शेवटच्या युनिटपर्यंत धापा टाकत पोचतात. सिस्टिम्स थिंकिंग वाट्याला आलंच तर ‘इलेक्टिव्ह’ म्हणून, आणि तेही चार वर्तुळं न् सहा बाण फळ्यावर काढून उरकतं. प्रस्तुत लेखकाचं जुनं भांडण आहे ते या फारकतीशी.

भांडणाला कारण आहे. हे दोन्ही विषय एकाच काळात, एकाच हवेत वाढले. संगणक नुकता आला होता आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा वाहत होता. १९५६ साली सिस्टिम डायनॅमिक्सचे जनक जे फॉरेस्टर एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत दाखल झाले. १९५७ मध्ये ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांच्याकडच्या वॉकर आणि केली या दोघांनी सीपीएमची मांडणी सुरू केली. १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी अमेरिकी नौदलानं पर्ट आणलं. १९६१ मध्ये फॉरेस्टरांचं ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ छापून आलं. चार-पाच वर्षांत एवढा ऐवज. पुढे एकाला ठेकेदार आणि परीक्षा मंडळं मिळाली, दुसऱ्याला भक्त.

फॉरेस्टर हा माणूसच वेगळा. नेब्रास्कातल्या गुराढोरांच्या रँचवर वाढलेला. पुढे व्हर्लविंड संगणक उभारणारा, चुंबकीय कोअर मेमरीच्या जनकांपैकी एक. व्यवस्थापनाच्या शाळेत आल्यावर त्यांच्यापुढे जनरल इलेक्ट्रिकच्या मंडळींनी एक गाऱ्हाणं मांडलं. केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागायचं. सगळे दोष द्यायचे बाजारातल्या तेजीमंदीला. फॉरेस्टरांनी वहीचं पान घेतलं, साठा, कामगार, मागणी असे रकाने पाडले आणि व्यवस्थापकांचेच भरतीचे न् खरेदीचे नियम वापरून आठवड्यामागून आठवडा हातानं आकडे मांडत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर ठेवली तरी कारखाना हेलकावे खातच होता. दुखणं घरातलंच निघालं.

या पानातूनच पुढे ‘बिअर गेम’ला बळ मिळालं, आणि इथे लेखकाला थोडी सैल जागा द्यावी लागेल, कारण उभी हयात त्यानं हा खेळ मुलांकडून खेळवून घेतला आहे. पटावर चार खुर्च्या: किरकोळ दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक, कारखाना. प्रत्येकानं खालच्याची मागणी पुरवायची आणि वरच्याकडे आपली चिठ्ठी सरकवायची. आपसात बोलायचं नाही. चिठ्ठी वर चढायला वेळ लागतो, माल खाली यायला दोन आठवडे. सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोकी, मागणी ४. पडून राहिलेल्या खोक्याला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, न पुरवलेल्या खोक्याला एक डॉलर. बिअर म्हटलं की प्राचार्यांच्या कपाळाला आठ्या, म्हणून आपल्याकडे बिस्किटांचे पुडे झाले, डॉलरचा रुपया झाला आणि खोक्यांच्या जागी चिंचोके आले.

पहिले चार आठवडे मुलं जांभया देतात. पाचव्या आठवड्यात गिऱ्हाइकाची मागणी ४ वरून ८ होते. दुकानदाराच्या बशीतले चिंचोके झपाट्यानं उतरतात. तो १० मागतो, मग १६. ठोक व्यापाऱ्याला वाटतं, गावात लग्नसराई लागलीय. तो २४ लिहितो. वितरक चाळीसच्या घरात जातो. कारखान्याच्या खुर्चीवरची मुलगी, जिला गिऱ्हाईक म्हणजे काय ते दिसतच नाही, ती घाबरून वाट्टेल तेवढा आकडा ठोकून देते. माल मात्र येत नाही, कारण तो वाटेत आहे. वाटेत आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं, कागदावर लिहिलेलंही असतं. तरी पुढच्या आठवड्यात तीच मागणी पुन्हा जाते. मग विसाव्या आठवड्याच्या आसपास पूर येतो. बशा भरून चिंचोके जमिनीवर सांडतात, चिठ्ठ्यांवर शून्य, शून्य, शून्य. “वितरकानं वाट लावली,” असं तिन्ही खुर्च्या एका सुरात सांगतात.

खेळ थांबवून शेवटच्या खुर्चीला विचारायचं, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, आलेख काढून दाखव. पोरगी सह्याद्रीचे सुळके काढते. मग गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्यांची गड्डी उलटी करायची: ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८... शेवटपर्यंत ८. एकदाच बदललेली, पुढे ढिम्म न हललेली मागणी. एमआयटीचे जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे निकाल शास्त्रशुद्ध तपासले, तेव्हा संघांचा सरासरी खर्च शहाण्या नियमानं होणाऱ्या खर्चाच्या दहापट भरला. खेळणारे ढ नव्हते. वाटेतला माल त्यांच्या हिशेबातच धरला जात नव्हता. १९९७ मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी पुरवठा साखळीतल्या या फुगवट्यावर लेख लिहून, लहान मुलांच्या डायपरच्या धंद्यातही तेच कसं घडतं ते दाखवलं, तेव्हा कुठे उद्योगजगताचे कान टवकारले.

काही विद्वान म्हणतात, आता हे संगणकावर पाच मिनिटांत होतं, पट मांडण्याचा खटाटोप कशाला? होतं ना. पण स्क्रीनवर आकडा लाल झाला की पोरं ‘रीसेट’ दाबतात. जमिनीवर सांडलेले चिंचोके मात्र स्वतःलाच वेचावे लागतात.

मधली दशकं भराभर ओलांडू. १९७२ चं ‘लिमिट्स टु ग्रोथ’ हे पुस्तक गाजलं, शिव्याही खाल्ल्या. व्हार्टनला रसेल ॲकॉफ, लँकेस्टरला पीटर चेकलंड यांनी माणसांच्या भांडणांसकट व्यवस्था कशी पाहावी ते सांगितलं. १९९० मध्ये पीटर सेंगे यांचं ‘फिफ्थ डिसिप्लिन’ आलं आणि प्रत्येक एचआर मॅनेजरच्या कपाटात जाऊन बसलं. कपाटातून किती प्रती बाहेर निघाल्या, हा प्रश्न विचारायचा नसतो.

ज्या प्रकरणात हे दोन दुरावलेले विषय खरोखर एकत्र आले, ते आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाही. मिसिसिपीत पास्कागूला इथे इंगल्स नावाची जहाजगोदी. १९७० च्या दशकात अमेरिकी नौदलासाठी तिथे ३० विनाशिका आणि मोठ्या उभयचर जहाजांचा ताफा बांधायचं काम चाललं होतं. काम लांबलं, खर्च फुगला. गोदीचं म्हणणं, नौदलानं आराखडे बदलत ठेवले; नौदलाचं म्हणणं, तुमचाच कारभार ढिसाळ. गोदीनं सुमारे ५० कोटी डॉलरचा दावा ठोकला. थेट बदलांचा खर्च दाखवणं सोपं होतं. पण एका बदलामुळे दुसऱ्या विभागात काम खोळंबलं, नवखे लोक भरावे लागले, त्यांच्या चुका पुढच्या जहाजात निघाल्या, हे न्यायालयापुढे कसं ठेवायचं? प्यू-रॉबर्ट्स या सल्लागार संस्थेत केनेथ कूपर आणि सहकाऱ्यांनी फॉरेस्टरांच्या पद्धतीनं अख्ख्या गोदीचं मॉडेल उभं केलं. नौदलाचे बदल काढून टाकले तर काय झालं असतं, ते चालवून दाखवलं. १९७८ मध्ये न्यायालयाबाहेर ४४ कोटी ७० लाख डॉलरला तडजोड झाली.

त्या मॉडेलच्या गाभ्यात एक साधी गोष्ट होती. काम ‘झालं’ म्हणून नोंदलं जातं, पण त्यातलं काही चुकलेलं असतं आणि ते चुकलंय हे महिन्या-दोन महिन्यांनी कळतं. तोवर ते ‘पूर्ण’च्या रकान्यात मजेत बसलेलं असतं. कळलं की ते पुन्हा ‘बाकी’त येतं. घाई केली, ओव्हरटाइम लावला, नवी माणसं ओतली, की चुकांचं प्रमाण वाढतं आणि हे चाक जोरात फिरतं. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० च्या अनुभवावरून १९७५ मध्ये लिहिलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर आणखी उशीर होतो. तारेक अब्देल-हमीद आणि स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९९१ मध्ये त्याचंही मॉडेल बांधलं. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, हे त्यात आकड्यांनी दिसतं.

आता फेब्रुवारीत कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट रिव्ह्यूला जाऊन बसावं. “किती झालं?” “नव्वद टक्के झालंय, सर.” मार्चमध्ये? नव्वद टक्के. सबमिशनच्या आदल्या रात्री? नव्वद टक्के, फक्त सेन्सर रीडिंग देत नाहीये. पोरं खोटं बोलत नसतात. जहाजगोदीतले इंजिनिअरही नव्हते बोलत. न सापडलेली चूक त्यांच्या तक्त्यात बसत नाही, कारण गँट चार्टवरची पट्टी फक्त डावीकडून उजवीकडे भरत जाते. मागे सरकायची तिला परवानगी नाही.

आपल्याकडे बीज पडलंच नाही असं नाही. १९५७ मध्ये ऑपरेशनल रिसर्च सोसायटी स्थापन झाली. १९६१ चं कोलकात्याचं आयआयएम एमआयटीच्या स्लोन स्कूलच्या सहकार्यानं उभं राहिलं, म्हणजे फॉरेस्टरांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी त्यांच्याच घराशी नातं जुळलं होतं. मुंबईत पवईला १९६३ मध्ये ‘नीटी’ आली, १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीनं जमनालाल बजाज संस्था आली. खरगपूर आणि दिल्लीच्या आयआयटींत सिस्टिम डायनॅमिक्सची चांगली पाठ्यपुस्तकं लिहिली गेली. पण हे लोण विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांपर्यंत उतरलं नाही.

याचं वाईट वाटतं ते कांद्यामुळे. ‘लिमिट्स टु ग्रोथ’च्या लेखकांपैकी डेनिस मेडोज यांनी त्या पुस्तकाआधी, १९७० मध्ये, डुकरं, गुरं आणि कोंबड्यांच्या भावचक्रांवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे लासलगाव आहे. शरदात भाव चढले की डिसेंबर-जानेवारीत लावणी वाढते. तो उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान एकदम निघतो. ज्याची साठवणीची चाळ आहे तो थांबतो, ज्याची नाही तो मिळेल त्या भावाला गाडी खाली करतो. चाळीतला कांदा सडतो, घटतो, आणि किती उरलाय हे नीट कुणालाच ठाऊक नसतं. त्यात सरकार उतरतं: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी मागे. निर्णय घेताना भाव एक, तो लागू होऊन परिणाम दिसेस्तोवर भाव दुसराच. साठा, प्रवाह, विलंब, अफवा, धोरण, सगळं एका तालुक्यात. नाशिक-नगरच्या एमबीएच्या पोरांनी घरच्या चाळीवरून हे मॉडेल बांधायला हवं होतं. एका अभ्यासक्रम समितीत हा विषय निघाला, तेव्हा एका थोर सदस्यांनी विचारलं, “शेतकऱ्याच्या मनातले आकडे आणणार कुठून?” जणू पर्टमधले तीन अंदाज आकाशातून पडतात! आशावादी, संभाव्य आणि निराशावादी वेळ घ्या, मधल्याला चारनं गुणा, बेरजेला सहानं भागा: यावर हमखास दहा मार्कांचं गणित येतं, आणि ते तीन आकडे कुणी, कशाच्या भरवशावर सांगितले हे आजवर एकाही प्रश्नपत्रिकेनं विचारलेलं या लेखकाच्या पाहण्यात नाही.

कोकण रेल्वेचंही तसंच. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झपाट्यानं झालं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. केस स्टडीत हे वेळापत्रकाचं कौतुक म्हणून शिकवतात, आणि ते रास्तच आहे. पण गोव्यातल्या मार्गावरून पेटलेलं आंदोलन आणि पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत, पुन्हापुन्हा ढासळणारी माती यांना केस स्टडीत एखाद-दुसरी ओळ मिळाली तर नशीब. एक अडचण माणसांची, एक मातीची. दोन्ही आराखड्याच्या चौकटीबाहेर राहिलेल्या. चौकट कुठे आखायची, हाच तर शिकवायचा भाग होता.

अलीकडे दोन पंथ जोरात आहेत. एक ॲजाइलवाल्यांचा. २००१ मध्ये युटाच्या डोंगरात सतरा जणांनी जाहीरनामा लिहिला, त्याचं इथे पुष्कळ ठिकाणी उभ्या-उभ्या घ्यायच्या सकाळच्या मीटिंगमध्ये रूपांतर झालं. दुसरा प्रमाणपत्रवाल्यांचा. गंमत अशी की प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेनंच आपल्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत आपली मांडणी बदलली, बारा तत्त्वं सांगितली आणि त्यांतलं एक व्यवस्थेतल्या परस्परसंबंधांबद्दल आहे. शिकवण्यांत मात्र अजून आधीच्या आवृत्तीतला ४९ प्रक्रियांचा तक्ता पाठ करून घेतला जातो.

आणि मग ब्लॅक बुक, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अहवाल. काळ्या रेक्झिनचं, सोनेरी अक्षरांचं, चार प्रतींत बांधलेलं. २०१४ मध्ये भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, पदवीधराच्या बारा गुणांची यादी आली, त्यात अकराव्या क्रमांकावर प्रोजेक्ट मॅनेजमेंट बसलं. तेव्हापासून ब्लॅक बुकात गँट चार्टचं पान जणू सक्तीचं झालं. ते बहुतेकदा प्रोजेक्ट संपल्यावर काढतात. नियोजन आणि प्रत्यक्ष यांत एका दिवसाचाही फरक नसतो! तयार प्रोजेक्ट विकत देणाऱ्या दुकानांत तर चार्टही पॅकेजमध्येच येतो, बाइंडिंग जास्तीचं.

यावर एका कॉलेजात साधा उपाय करून पाहिला होता. रिव्ह्यूच्या कागदावर ‘झालेलं काम’ या रकान्याशेजारी ‘पुन्हा करावं लागलेलं काम’ असा एक रकाना वाढवला, आणि तो रिकामा ठेवणाऱ्याला मार्क कमी. पहिल्या रिव्ह्यूला मुलं बिचकली. पुढे लिहू लागली: सर्किट बोर्ड दोनदा छापला, डेटाबेसची रचना तिसऱ्यांदा बदलली, ॲपचं लॉगिन मोडून परत बांधलं. नव्वद टक्क्यांचा आकडा साठ-पासष्टावर उतरला आणि मे महिन्यातल्या रात्री जरा शांत गेल्या. मग मानांकनाची समिती यायची ठरली. सगळ्या विभागांचे फॉर्म एकसारखे हवेत असं फर्मान निघालं, आणि ठरलेल्या नमुन्यात तो रकाना नव्हता.