माल घेताना घराची किल्लीही द्यावी काय?

संगणकाचा कार्यक्रम आज कोणी एकटा लिहीत नाही. इतरांनी लिहिलेले तुकडे भांडारातून आणावयाचे व त्यांवर आपले काम रचावयाचे, अशी रीत आहे. जावास्क्रिप्ट भाषेचे असे मोठे भांडार म्हणजे एनपीएम. तेथून एक तुकडा मागविला की त्याच्या मागोमाग कधी कधी शेकडो येतात. इथवर तक्रार नाही. परंतु प्रत्येक तुकड्यास सोबत एक आज्ञापत्रही आणता येते : 'मला उतरवून घेताच एवढे काम करा.' आणि ते काम मागविणाऱ्याच्याच अधिकाराने होते. कपाट पोचवावयास आलेल्या हमालाने घरातील कागदपत्रे चाळावीत, तसा हा प्रकार. (हमालांचे नाव उगाच घेतले, आमच्या ओळखीचे हमाल असे करीत नाहीत.)

ही सोय कोणी दुष्टपणाने केली नाही. काही तुकडे ज्या त्या यंत्रास जुळवून घ्यावे लागतात, ते काम या आज्ञा करतात. तथापि २०११ साली बम्बलबी नावाच्या लिनक्सवरील कार्यक्रमाच्या स्थापनेच्या आज्ञेत दोन अक्षरांमध्ये एक जागा चुकून मोकळी सुटली, आणि एका लहान कप्प्याऐवजी 'यूएसआर' हा अख्खा विभाग पुसला जाऊ लागला. ही झाली चूक. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या, आठवड्यास सत्तर लाखांहून अधिक वेळा उतरविल्या जाणाऱ्या तुकड्याच्या लेखकाचे खाते चोरांनी बळकावले, व त्याच्या नावाने परवलीचे शब्द चोरणारा माल भांडारात ठेवला. सप्टेंबर २०२५ मधील 'शाय-हुलूद' तर त्याहून पुढचा. तो उतरताच घरमालकाच्या किल्ल्या शोधी, आणि त्या किल्ल्यांनी त्याच मालकाचे इतर तुकडे बाटवून पुन्हा भांडारात ठेवी.

काही मंडळी म्हणतात, आज्ञा बंद ठेवण्याची कळ एनपीएममध्ये होतीच, ज्याने त्याने ती वापरावी. हे बोलणे आम्ही कारखान्यांत तीस वर्षे ऐकत आलो आहोत. यंत्रास जाळी बसवावयाची नाही, आणि बोट तुटले की कामगार निष्काळजी!

जानेवारी २०२५ मध्ये पीएनपीएम या दुसऱ्या साधनाच्या दहाव्या आवृत्तीने ही रीत उलटी केली. परक्या तुकड्यांच्या आज्ञा मुळात बंद. ज्यास मुभा द्यावयाची त्याचे नाव यादीत लिहावे. आम्हांस हे पसंत आहे. याने सारी चोरी थांबेल असे मात्र नव्हे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीममध्ये शिरलेला चोर स्थापनेच्या वेळी गप्प होता; बिटकॉइनच्या एका पाकिटाच्या कार्यक्रमात पोचल्यावरच तो कामाला लागला. परंतु मागच्या दाराने चोर येतो म्हणून पुढचे दार कोणी उघडे टाकीत नाही.

खरी अडचण यादीची आहे. काम संध्याकाळी द्यावयाचे असेल तर माणूस समोर आलेल्या प्रत्येक नावास डोळे मिटून मुभा देईल. तेव्हा ही यादी वाचण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरला पाहिजे, आणि 'हे नाव मी मान्य करीत नाही' म्हणणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा पगार कापला जाता कामा नये.