नाकावाटे मेंदूकडे

ढवळयंत्रावर काचेचा बीकर, तळाशी गरगरणारी चुंबकाची पांढरी कांडी. वरचे द्रावण पाण्यासारखे नितळ. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळवलेला कायटोसान सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवलेला आणि त्यात व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्यावरचे औषध. विद्यार्थिनी सिरिंजमधून ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण थेंब थेंब सोडू लागते. पहिले थेंब पडून जातात, काहीच दिसत नाही. मग हळूच दुधी, निळसर झाक उतरते.

कण जमले!

कायटोसानवर धन भार, ट्रायपॉलिफॉस्फेटवर ऋण. दोघे एकमेकांना ओढून घेतात आणि जुळता जुळता औषधालाही पोटात घेतात. हात जरा घाईचा झाला की गाठी बनून तळाशी बसतात आणि सकाळपासूनची मेहनत मोरीत जाते. नीट जमलेला कण शे-दोनशे नॅनोमीटरचा. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. मोजायला लेझरचा प्रकाश लागतो, डोळ्याला दिसते ती फक्त झाक.

एवढा खटाटोप वाटेसाठी आहे. गोळी गिळली की औषधाला आधी यकृत गाठते. व्हेनलाफॅक्सिनचा निम्म्याहून कमी भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो. पुढे मेंदूची वेस. 1885 मध्ये पॉल एरलिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. 1913 मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला, बाकी शरीर नाही. म्हणजे मध्ये काहीतरी अडवणारे होते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. शिवाय त्यांच्यात असे पंप असतात, की शिरलेले औषध ते पुन्हा रक्तात फेकतात. व्हेनलाफॅक्सिनलाही ते सोडत नाहीत.

नाकाच्या छताशी मात्र वासाच्या चेतातंतूंची टोके उघडी असतात, आणि ते तंतू थेट मेंदूत जातात. नाकातून औषध देणे नवे नाही. 2019 मध्ये अमेरिकेत एस्केटामिनच्या फवाऱ्याला मान्यता मिळाली. पण ते औषध मुख्यतः नाकातल्या रक्तवाहिन्यांतून रक्तात उतरते आणि मग मेंदूकडे जाते. इथे रक्ताला वळसा घालायचा आहे. त्यात अडचण शेंबडाची. नाकातले सूक्ष्म केस पंधरा-वीस मिनिटांत सारे घशाकडे लोटतात. धन भाराचा कायटोसान त्या ऋण भाराच्या थराला चिकटतो आणि पेशींची शिवण थोडा वेळ सैल करतो.

हे खरेच होते का, ते पाहायला कत्तलखान्यातून बकऱ्याच्या नाकाची त्वचा आणतात. ताजी, पातळ, फाटू न देता काढलेली. ती दोन काचकप्प्यांमध्ये ताणून बसवतात. वर कणांचे द्रावण, खाली शरीराइतके उबदार पाणी. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढायचा, तेवढेच ताजे पाणी भरायचे, वेळ वहीत टिपायची. दिवस असाच जातो.

दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील संशोधकांनी असे कण उंदरांच्या नाकात सोडले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात रक्ताच्या तुलनेत मेंदूत पोहोचलेले औषध शिरेतून दिल्यापेक्षा जास्त निघाले.

उंदराच्या नाकाचे जवळपास निम्मे अस्तर वासाचे असते, माणसाचे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे उंदरावरचा आकडा माणसाला तसाच लागू होत नाही. शिवाय नैराश्यावरच्या अशा औषधांनी मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन काही तासांत वाढते, पण मन हलके व्हायला आठवडे लागतात. मेंदूतले जोड सावकाश बदलतात. ते आठवडे नॅनोकण पुसू शकणार नाहीत. मळमळ सोसेना म्हणून दुसऱ्या आठवड्यातच गोळ्या बंद करणारे रुग्ण असतात. कमी मात्रेत, पोटाला न छेडता औषध पोहोचले, तर त्यातले काही जण तिसरा आठवडा पाहतील.

संध्याकाळी कण मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो: 340. फार मोठे. विद्यार्थिनी तो वहीत उतरवते, बीकर धुते आणि उद्यासाठी कायटोसान कमी तोलून भिजत घालते.