सहीचा हक्क

आमच्या कडेगावात बचत गटात नव्या बाईला घ्यायला कुणाची ना नसते. पण बँकेतल्या सहीचा हक्क? तिथं सगळ्या गप्प! हप्ता वेळेवर भरते का, हिशोब सांगताना अडखळते का, हे चांगलं वर्षभर बघूनच तो मिळतो.

पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, आमच्या ओपन सोर्समध्येही अस्संच असतं." ओपन सोर्स म्हणजे ज्याची आतली सगळी मांडणी कुणालाही वाचता येते असं सॉफ्टवेअर. चूक दिसली की दुरुस्ती पाठवायची. जुनी मंडळी ती तपासतात, पटली तर घेतात. असं बरेच महिने चाललं की म्हणतात, आता तू थेट लिही. हा कमिटचा हक्क. डिग्री सहसा कुणी विचारत नाही, बरं का!

२००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचंही तेच. लेख कुणीही सुधारावा, पण तो काढून टाकणं प्रचालकाच्या हाती. आणि प्रचालक कोण, हे तिथं लिहिणारेच कौल घेऊन ठरवतात.

पण असा कमावलेला विश्वास खोटा निघाला तर? एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स कॉम्प्युटरांत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकटेच, बिनपगारी सांभाळत होते. मन थकलेलं. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला आलं. कामाला चोख! त्यातच काही अनोळखी लोकांनी कॉलिनमागं लकडा लावला, काम रेंगाळतंय, दुसऱ्याला हक्क द्या. अखेर दिला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच हातानं आत चोरदरवाजा बसवला.

सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं खोदून पाहिलं आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना सावध केलं. बहुतेक ठिकाणी ते पोचायच्या आतच! जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

चोरापेक्षा मला टोचले ते कॉलिन. एवढ्या कंपन्या त्यांच्या कामावर चालायच्या, पण ते थकल्यावर जोडीला बसायला आलं कोण, तर हा भामटा. पुढं मे महिन्यात चोरदरवाजा काढलेली नवी आवृत्ती दिली, तीही कॉलिननीच.