इंग्लंडमधला पब : एका न पिणाऱ्याने पाहिलेला



यंदाच्या मालेत मी पबवर बोलणार हे कळल्यावर कार्यवाहांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. मी जन्माने जैन आणि आचरणानेही. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा आमच्या श्रावकाच्या अष्टमूलगुणांचा आरंभ. वयाची पासष्ट वर्षे झाली, दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. ‘डॉक्टर, होमिओपॅथीची औषधे स्पिरिटमध्येच असतात की!’ असे मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणेलच. खरे आहे. माझ्या कपाटातल्या मदर टिंक्चरच्या बाटल्यांत अल्कोहोल आहे. गोळ्यांवर टाकलेले बरेचसे उडून जाते, एवढ्यावर मी चाळीस वर्षे मनाची समजूत घातली. व्रती रुग्णांना मी ते आधीच सांगतो. काहीजण औषध न घेता उठून जातात आणि त्यांचा मला आदर वाटतो.

माझा मुलगा रेडिंगला नोकरीला आहे. 2023 च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्याचे शेजारी सत्त्याहत्तर वर्षांचे, एकटे राहणारे गृहस्थ. मी डॉक्टर आहे आणि दारू पीत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, ‘मग तुम्ही पब पाहिलाच पाहिजे. पिणारे लोक नीट पाहत नाहीत.’ हे म्हणणे मला पटले. एका दुपारी मुलाने गाडी काढली आणि आम्ही तिघे अर्ध्या तासावरच्या ॲल्डवर्थ नावाच्या खेड्यात ‘बेल इन’ला गेलो.

आपल्याकडचा ‘बार’ डोळ्यांसमोर असेल तर तो आधी पुसून टाका. काळ्या काचा नाहीत, दाराला पडदा नाही, दिवसाढवळ्या मिणमिणते लाल दिवे नाहीत. वाण्याच्या जुन्या घरासारखी ठेंगणी वास्तू. आत लाकडी बाके, शेकोटी आणि एकच काटा असलेले जुने घड्याळ. तास कळतो, मिनिटे अंदाजाने घ्यायची. काउंटरही नाही, भिंतीत काचेच्या तावदानांची एक खिडकी, तिच्यातून पेले बाहेर येतात. आपल्या जुन्या पोस्टात तिकिटे मिळत तशी. एकाच कुटुंबाने अडीचशे वर्षे हा पब चालवला आहे. रिअल एलच्या चळवळीने, म्हणजे ‘कॅम्रा’ या संस्थेने, त्याला 1990 आणि 2019 अशी दोनदा देशातला सर्वोत्तम पब ठरवले. टीव्ही नाही, गाणी नाहीत. बागेत एक आजीबाई नातवाला पावाचा तुकडा भरवत होत्या आणि बाकाखाली एक कुत्रे झोपले होते. मी खिडकीशी जाऊन जिंजर बिअर मागितली. नावात बिअर असली तरी ते साधे आल्याचे सरबत असते, हे मुलाकडून तीनदा वदवून घेतल्यावरच.

आता ‘रिअल एल’ म्हणजे काय ते सांगतो. शेजाऱ्यांनी मला ते तासभर समजावले. त्यात रसायन आहे आणि थोडी फार्मसीही, म्हणून मला रस वाटला.

जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मग सुकवायचे. आपण नाचणीचे सत्त्व करताना करतो तसेच. याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की पिष्टाची साखर होते. तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा. हॉप्स गांज्याच्या कुळातली. कडवटपणा आणि वास तिचा. आमच्या मटेरिया मेडिकात ती ‘लुप्युलस’ या नावाने आहे, त्यामुळे एकदम ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. काढा निवला की त्यात यीस्ट. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. इथवर सगळ्याच बिअरचे सारखे.

फरक पुढे आहे. कारखान्यातली साधी बिअर गाळतात, बहुधा पाश्चरायझेशनही करतात. यीस्ट मेले किंवा निघून गेले, बिअर स्थिर झाली. मग तिच्यात वायू भरून थंडगार विकतात. रिअल एल गाळून निर्जीव करत नाहीत. यीस्ट तशीच ठेवून ती पिंपात भरतात आणि पिंप पबच्या तळघरात आडवे ठेवतात. पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. वरच्या छिद्रात लाकडाची छोटी खुंटी असते. ती किती सैल, किती घट्ट यावर आतला वायू किती सुटायचा ते ठरते. गाळ बसायला वेळ द्यायचा, तळघर 11 ते 13 अंशांवर राखायचे. मग हातपंपाने ओढून पेल्यात घ्यायची, बाहेरचा वायू न वापरता. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ ही थट्टा इथूनच आली. कोमट नाही, आपल्या माठातल्या पाण्यापेक्षा थंडच, फक्त बर्फासारखी नाही.

गाळ लवकर बसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी इझिंग्लास घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसे. पण इझिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. हे ऐकून मी पेल्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावर शेजारी हसले. ते न घालता केलेली एलही मिळते, थोडी गढूळ दिसते. शाकाहारी म्हणवणाऱ्या आणि बिअर पिणाऱ्या आपल्या मित्रांसाठी ही माहिती देऊन ठेवतो.

शेजारी अभिमानाने म्हणाले, ‘डॉक्टर, ही बिअर जिवंत आहे.’ त्यांची सगळ्यात मोठी प्रशंसा हीच आणि माझी सगळ्यात मोठी अडचणही हीच. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्य वर्ज्य का, याचे एक कारण असे दिले आहे की मद्य हे अनेक जीवांचे उत्पत्तिस्थान आहे. ते पिणे म्हणजे हिंसा. नशा हा मुद्दा आहेच, पण जीवांचा मुद्दा वेगळा मांडलेला आहे. पाश्चर 1871 मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन यीस्ट पाहायला गेला, त्याच्या कित्येक शतके आधीचा हा ग्रंथ. मात्र आमच्या आचार्यांना सूक्ष्मजीवशास्त्र ठाऊक होते, अशा थाटाचे भाषण मी करणार नाही. अशी भाषणे फार झाली. उतू जाणारा, बुडबुडणारा, आपोआप गरम होणारा द्रव पाहून ‘यात काही जिवंत आहे’ असे शहाण्या माणसाला वाटले, एवढेच म्हणतो. तीच गोष्ट पाहून इंग्रज म्हणाला, वा! आणि जैन म्हणाला, नको.

ही जिवंत बिअर मरायला टेकली होती. 1960 च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअरी विकत घेतल्या आणि सगळीकडे वायू भरलेली, गाळलेली बिअर सुरू केली. वाहतुकीला सोपी, टिकायला सोपी, तळघरात कोणी कसबी माणूस नको. 1971 मध्ये चार तरुण इंग्रज आयर्लंडच्या केरी परगण्यात सुटीवर गेले असताना त्यांनी या विरुद्ध संघटना काढली. तीच कॅम्रा. 1974 पासून त्यांची चांगल्या बिअरच्या पबांची मार्गदर्शिका निघते. सदस्य पुढे लाखावर गेले. ग्राहकांनी चव वाचवण्यासाठी चालवलेली एवढी मोठी चळवळ मला दुसरी ठाऊक नाही. आपल्याकडे बेळगावच्या कुंद्यासाठीसुद्धा कोणी संघटना काढलेली नाही.

सायडरचे थोडक्यात. सफरचंदाचा रस आंबवला की सायडर. त्याची सफरचंदे वेगळी, तुरट-कडू, खायला नकोशी. हेरफर्डशायर आणि सॉमरसेट हे त्यांचे मुलूख. काढा उकळणे नाही. जुन्या पद्धतीत सालीवरचे आणि घाण्यावरचे यीस्टच काम करते. इंग्रजी कायद्याने 35 टक्के रस असला तरी त्याला सायडर म्हणता येते, कॅम्राचे लोक 90 टक्के मागतात. आपल्याकडच्या ‘आमरसा’च्या डब्यांची आठवण झाली. बेलमध्ये मिळणारी सायडर नितळ, बुडबुडे नसलेली. शेजाऱ्यांनी सहज माझ्या मुलाला विचारले, ‘आज तुझी अर्धा पाइंट सायडर नाही?’

मुलगा म्हणाला, ‘गाडी चालवायची आहे.’ माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मीही काही बोललो नाही. जिंजर बिअर संपली होती, तरी पेला उचलून ओठाला लावला.

मी विषय बदलला आणि शेजाऱ्यांना हिशेब विचारला. इंग्रजी पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. त्यांची रोजची गडद एल साडेतीन टक्क्यांची, म्हणजे एका पाइंटात साधारण 20 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, त्यांच्या भाषेत दोन युनिट. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 2016 मध्ये आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नये असे सांगितले. रोज एक पाइंट म्हणजे बरोबर 14. आजोबांनी एल त्या हिशेबानेच निवडली होती. आपल्याकडची 180 मिलिलिटरची व्हिस्कीची एक ‘क्वार्टर’ 42.8 टक्क्यांची असते. तिच्यात त्यांचे जवळजवळ चार पाइंट बसतात. सव्वादोन लिटर द्रव पोटात जायला दोन-तीन तास लागतात. क्वार्टरला दहा मिनिटे पुरतात.

आणखी एक हिशेब त्यांनी सांगितला, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. लहान पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट. पिंपाला तोटी बसवून विक्री सुरू झाली की हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत एल आंबट होऊ लागते. म्हणजे तीन दिवसांत 72 पेले संपायला हवेत. ठरलेली माणसे ठरल्याप्रमाणे आली नाहीत तर मालकाला पिंप ओतून द्यावे लागते. ही बिअर एकट्या माणसासाठी ठेवताच येत नाही. तिला गाव लागते. एकाने सगळ्यांसाठी मागवायचे, पुढच्या फेरीला दुसऱ्याने, ही रीतही तिथलीच. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचे दार वाजवते. आमच्या शेजाऱ्यांची पत्नी गेली त्या महिन्यात त्यांचे दार असेच वाजले होते. 1946 मध्ये जॉर्ज ऑर्वेलने ‘मून अंडर वॉटर’ या नावाच्या आदर्श पबवर लेख लिहिला आणि शेवटी कबूल केले की असा पब अस्तित्वातच नाही. त्याच्या अपेक्षांत बोलता येईल एवढी शांतता होती आणि बायकामुलांना बसता येईल अशी बाग होती.

मी पबची तरफदारी करतो आहे असे समजू नका. यकृत सुजून आलेले रुग्ण मी आयुष्यभर पाहिले आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनीही पाहिले असतीलच. तिथेही आता बहुतेक दारू दुकानातून आणून घरातच पितात आणि पब बंद पडत चालले आहेत. पण व्हिस्कीची बाटली कपाटात वर्षभर राहते, तिला कोणी लागत नाही, हे त्या दुपारी मला प्रथम नीट कळले.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, 1998 मध्ये गेले. आपल्यापैकी काहींना आठवत असतील. खडेबाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. मागच्या गोदामात, गाठोड्यांच्या आड, शटर अर्धे ओढून ते रोज रात्री एकटे पीत. जैन माणूस, कुठे बसणार? कोणाबरोबर बसणार? बस्तीत सकाळी पूजेला पहिले तेच असत. घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. मी डॉक्टर होतो, मीही नाही. गावाला आम्ही कावीळ म्हणून सांगितले. आज हे या व्यासपीठावर बोलतो ते वहिनींना विचारून. त्या म्हणाल्या, सांगा आता. अण्णा एखाद्या इंग्रजी खेड्यात असते तर वाचले असते असे मी म्हणत नाही. त्या गोदामाच्या शटरवर कोणी थाप मारली नाही, एवढे मात्र मला माहीत आहे. आणि मी जवळच, दोन गल्ल्या सोडून राहत होतो.

एक काट्याच्या घड्याळात पाच वाजून गेल्यासारखे दिसत होते तेव्हा आम्ही उठलो. परतताना शेजारी मागच्या सीटवर झोपले. मुलगा समोर पाहून गाडी चालवत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘पप्पा, महिन्यातून एखाद् वेळेस. तुम्हाला सांगणार होतो.’

आजचे हे भाषण त्याने आधी वाचले आहे आणि ही ओळ काढू नका असे त्यानेच कळवले. त्याला मी काही उपदेश केला नाही. रेडिंग अजून वीस मिनिटे लांब होते.

‘तुझ्या अण्णाकाकांना कावीळ झाली नव्हती,’ मी म्हणालो.