शिंपल्यांची पारख आणि माहितीची विषमता

मालाचा खरा दर्जा विक्रेत्यास ठाऊक असतो, ग्राहकास नसतो. या स्थितीस अर्थशास्त्रात 'माहितीची विषमता' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये तिचे मूलभूत विश्लेषण केले. २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

कोकणच्या बाजारात तिसऱ्या घेताना ही विषमता अल्प असते. जिवंत तिसरीचे शिंपले मिटलेले असतात. किंचित उघडे असल्यास टिचकी मारताच मिटतात. न मिटणारी तिसरी टाकून द्यावी. ही चाचणी विनामूल्य आहे.

समुद्रापासून दूर, रायपूरमधील पंडरीच्या ग्राहकास मात्र तिसऱ्यांच्याच वर्गातील स्कॅलॉप घ्यायचे झाल्यास ते बहुधा सोललेले व गोठवलेलेच मिळतात. तेथे टिचकी निरुपयोगी ठरते. काही वेळा वजन वाढविण्यासाठी ते फॉस्फेटच्या द्रावणात भिजवतात. ग्राहक पाण्याचेही दाम मोजतो. म्हणून दुधाळ पाणी सुटलेला माल टाळावा. मोतिया रंग, घट्ट मांस व समुद्राचा सौम्य गंध ही चांगल्या मालाची लक्षणे होत. अमोनियासारखा उग्र वास आल्यास तो घेऊ नये. वेष्टनात बर्फाचे खडे साचले असल्यास माल वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते.

जेथे इंद्रिये अपुरी पडतात, तेथे कायद्याची गरज भासते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नियमांनुसार वेष्टनावर घटक, निव्वळ वजन व परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. माहितीची विषमता कमी करण्याचे हे साधन आहे. मात्र वेष्टन वाचले गेले, तरच ते उपयोगी पडते.